वाट कोणी कोणाला द्यायची? : शीड, इंजिन आणि अरुंद जलमार्ग

यांत्रिक नौकेने शिडाच्या नौकेला वाट द्यावी, हा नियम बंदरकाठी वावरणाऱ्या कोणालाही ठाऊक असतो, नौकानयन शिकणाऱ्या मुलांना तो पहिल्या काही दिवसांतच सांगितला जातो, आणि पुष्कळांचे या विषयाचे ज्ञान तेथेच थांबते. नियम खोटा नाही. मात्र ज्या संहितेत तो आला आहे, त्याच संहितेने त्याला असे अपवाद जोडले आहेत की, बोयांनी आखलेल्या गर्दीच्या जलमार्गात तेवढ्या एका वाक्यावर विसंबणारा डिंगीचालक स्वतःलाही संकटात टाकतो आणि दुसऱ्यालाही. डिंगी म्हणजे एकदोन माणसांनी चालवायची, केबिन नसलेली, शिडाची हलकी होडी. मुलांच्या शिक्षणासाठी जगभर वापरली जाणारी ‘ऑप्टिमिस्ट’ ही डिंगी अवघी 2.36 मीटर लांब असते आणि तिच्या सांगाड्याचे वजन 35 किलो भरते. अशा होडीने आणि शेकडो मीटर लांबीच्या जहाजाने एकाच पाण्यातून कसे जावे, हे ठरवणारे कलम एकच असते तर काम सोपे झाले असते. प्रत्यक्षात तीनचार कलमे एकत्र वाचावी लागतात, आणि त्यांचा परस्परसंबंध ध्यानात न आल्यामुळेच बहुतेक गैरसमज होतात.

समुद्रावरील टक्कर टाळण्याचे सध्याचे आंतरराष्ट्रीय नियम 20 ऑक्टोबर 1972 रोजी लंडन येथे स्वीकारले गेले आणि 15 जुलै 1977 पासून अमलात आले. नाविकांच्या बोलण्यात ते ‘कोलरेग्ज’ या आखूड नावाने ओळखले जातात. त्यांची पूर्वपीठिका वाफेच्या जहाजांपाशी जाऊन पोहोचते. सर्वच जहाजे शिडाची होती तोवर वाऱ्याच्या दिशेवर आधारलेली जुनी वहिवाट पुरेशी होती, कारण सर्वांच्या अडचणी सारख्या होत्या. वाऱ्याची पर्वा न करता सरळ रेषेत धावणारी आगबोट आल्यावर मात्र वहिवाट अपुरी पडली. लंडनच्या ट्रिनिटी हाऊस या संस्थेने 1840 मध्ये आगबोटींसाठी नियम केले, 1863 मध्ये ब्रिटन आणि फ्रान्स यांनी मिळून एक नियमावली तयार केली, तीसहून अधिक सागरी देशांनी थोड्याच काळात ती उचलली, आणि 1889 च्या वॉशिंग्टन परिषदेत या प्रयत्नांना खऱ्या अर्थाने आंतरराष्ट्रीय रूप आले. भारतात 1972 चे नियम 1975 च्या विनियमांद्वारे देशी कायद्याचा भाग झाले. आगबोटीने शिडाच्या जहाजाला वाट द्यावी हे तत्त्व या साऱ्या प्रवासात टिकून राहिले.

ते टिकण्याचे कारण शिडाच्या यंत्रणेतच आहे. शिडाची नौका वाऱ्याच्या थेट तोंडावर जाऊ शकत नाही. वाऱ्याच्या दिशेशी साधारण 45 अंशांचा कोन राखून ती आधी एका बाजूला आणि मग दुसऱ्या बाजूला अशी नागमोडी पुढे सरकते, आणि दर वळणाला तिची नाळ, म्हणजे पुढचे टोक, वाऱ्याच्या रेषेतून पलीकडे न्यावे लागते. ही क्रिया जवळून पाहिली म्हणजे डिंगीची असहायता कळते. सुकाणू वळताच शीड फडफडू लागते, त्याचा खालचा आडवा दांडा डोक्यावरून दुसरीकडे झेपावतो, चालक वाकून होडीच्या एका काठावरून दुसऱ्या काठावर जातो, हातातला दोर बदलतो, आणि एवढे होईपर्यंत होडीचा वेग जवळजवळ संपलेला असतो. वेग संपला की सुकाणूला पाणी लागत नाही, आणि सुकाणूला पाणी लागले नाही तर होडी कोणाचेच ऐकत नाही. याउलट यांत्रिक नौका थांबू शकते, मागे येऊ शकते, हवे तेव्हा हवे तिकडे वळू शकते. ज्याला हालचालीचे स्वातंत्र्य अधिक त्याने बाजूला व्हावे, हा नियमावलीच्या अठराव्या कलमाचा पाया आहे; शिडाविषयीच्या जुन्या प्रेमाचा त्यात काही भाग नाही.

याच पायावर त्या कलमात नौकांची एक उतरंड रचलेली आहे. यांत्रिक नौकेने शिडाच्या नौकेला, प्रत्यक्ष मासेमारीत गुंतलेल्या नौकेला, कामाच्या स्वरूपामुळे हालचाल मर्यादित झालेल्या नौकेला आणि ताबा सुटलेल्या नौकेला वाट द्यावी. शिडाच्या नौकेनेही उरलेल्या तिघींना वाट द्यावी. येथे व्याख्या बारकाईने वाचाव्या लागतात. शिडे उभारलेली असूनही इंजिनाने पुढे ढकलली जाणारी नौका नियमांच्या दृष्टीने यांत्रिकच असते, आणि दिवसा तिने टोक खाली असलेला काळा शंकू टांगून हे जाहीर करायचे असते. हा शंकू प्रत्यक्षात फार थोड्या हौशी नौकांवर दिसतो, ही गोष्ट वेगळी. तसेच जाळे पाण्यात असल्यामुळे जिची हालचाल अडली आहे तीच नौका मासेमारीत गुंतलेली मानली जाते. जाळी आवरून ससून डॉककडे परतणारी कोळ्यांची बोट मासळीने भरलेली असली, तरी त्या क्षणी ती इतर कोणत्याही यांत्रिक नौकेसारखीच असते.

या उतरंडीच्या आरंभीच एक अट घातलेली आहे : नववे, दहावे आणि तेरावे कलम वेगळे काही सांगत नसेल तरच हा क्रम लागू होतो. तेरावे कलम मागून येऊन पुढे जाण्याविषयीचे आहे. पुढच्या नौकेच्या आडव्या रेषेच्या मागे 22.5 अंशांहून अधिक कोनातून जी येते ती मागून येणारी, आणि मागून येणारी कोणीही असो, वाट तिनेच द्यायची. मंद चालणाऱ्या मोटरबोटीला चांगल्या वाऱ्यात एखादी डिंगी मागे टाकू लागली, तर शीड असूनही बाजूने जाण्याची जबाबदारी डिंगीवर येते. दहावे कलम मोठ्या सागरी मार्गांवर जाणाऱ्या-येणाऱ्या जहाजांसाठी आखलेल्या स्वतंत्र पट्ट्यांविषयी आहे. खरा गुंता नवव्या कलमात, म्हणजे अरुंद जलमार्गाच्या नियमात आहे.

अरुंद जलमार्गाने जाणाऱ्या प्रत्येक नौकेने, सुरक्षितपणे शक्य असेल तितके, आपल्या उजव्या हाताच्या कडेला राहावे, ही नवव्या कलमाची पहिली अपेक्षा आहे. भारतात रस्त्यावर डावीकडून जाण्याची सवय असलेल्या माणसाला हे उलटे वाटते, पण पाण्यावर उजवी बाजू धरण्याचा प्रघात जगभर एकच आहे. त्यानंतर ते वाक्य येते, ज्याने डिंगीचे स्थान बदलते : 20 मीटरपेक्षा कमी लांबीच्या नौकेने किंवा शिडाच्या नौकेने, जी नौका केवळ त्या जलमार्गातूनच सुरक्षितपणे जाऊ शकते तिच्या जाण्यात अडथळा आणू नये. ‘केवळ त्या जलमार्गातूनच’ या शब्दांवर सारा अर्थ तोललेला आहे. जहाजाचा जो भाग पाण्याखाली असतो त्याच्या खोलीला ड्राफ्ट म्हणतात. दहाबारा मीटर ड्राफ्टचे कंटेनर जहाज खोदलेल्या मार्गाबाहेर पडले तर गाळात रुतते, म्हणून हे वाक्य त्याच्या रक्षणासाठी आहे. मीटरभरसुद्धा ड्राफ्ट नसलेल्या स्पीडबोटीला मात्र त्या मार्गाच्या आत राहण्याची सक्ती नसते. ती बोयांच्या बाहेरूनही सहज जाऊ शकते. त्यामुळे जलमार्ग अरुंद आहे एवढ्याच कारणाने छोट्या मोटरबोटीला डिंगीपुढे कोणताही अग्रक्रम मिळत नाही, आणि अठरावे कलम तिच्यावर पूर्वीइतकेच बंधनकारक राहते. हौशी मोटरबोटवाल्यांचा येथे अनेकदा सोयीस्कर गैरसमज होतो. ‘चॅनेलमध्ये शिडाला मान नाही’ हे अर्धवट ऐकलेले वाक्य ते स्वतःला लावून घेतात, आणि ते ज्या जहाजांसाठी आहे ती जहाजे मागून येत असतात.

अडथळा आणू नये, याचा नेमका अर्थ काय, यावर दीर्घकाळ वाद होता. काहींच्या मते या वाक्याने उतरंड उलटी होऊन जहाजाला वाटेचा पूर्ण हक्क मिळत होता, तर काहींच्या मते ते केवळ सौजन्याचे आवाहन होते. 1987 मध्ये स्वीकारलेल्या आणि 1989 पासून लागू झालेल्या दुरुस्तीने आठव्या कलमात एक पोटकलम घालून हा प्रश्न बराचसा मिटवला, आणि त्याची रचना लक्षपूर्वक पाहण्यासारखी आहे. अडथळा न आणण्याचे कर्तव्य टकरीचा धोका निर्माण होण्याच्याही आधी सुरू होते : दुसऱ्या नौकेला सुरक्षितपणे जाण्यासाठी पुरेसे पाणी मोकळे राहील अशी हालचाल डिंगीने वेळेवर करायची असते. तिने ती केली नाही आणि दोघी इतक्या जवळ आल्या की टक्कर होऊ शकेल, तरी डिंगी त्या कर्तव्यातून सुटत नाही. पण त्याच क्षणी जहाजही आपल्या नेहमीच्या कर्तव्यांनी बांधलेले असते. समोरच्याने अडथळा केला म्हणून वाट देण्याची त्याची जबाबदारी संपत नाही. म्हणजे वाट मागण्याचा निखळ हक्क या रचनेत कोणालाच दिलेला नाही, आणि दोन्हीकडे कर्तव्ये आहेत. कायद्याची ही मांडणी पहिल्या वाचनात अडखळायला लावते, परंतु ती शहाणपणाची आहे, कारण एकाला पूर्ण हक्क दिला की दुसऱ्याच्या चुकीच्या वेळी तो डोळे मिटून पुढे जातो.

जहाजाच्या बाजूने पाहिले तर डिंगीला इतक्या लवकर बाजूला व्हायला का सांगितले आहे ते स्पष्ट होते. 400 मीटर रुंदीचा जलमार्ग 3 नॉट वेगाने ओलांडणाऱ्या डिंगीला सव्वाचार मिनिटांहून थोडा अधिक वेळ लागतो. नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल, अर्थात 1852 मीटर. तेवढ्या वेळात 12 नॉट वेगाचे जहाज 1600 मीटर पुढे येते. किनाऱ्यावरून निघताना जे जहाज लांब क्षितिजापाशी वाटत होते, ते डिंगी मार्गाच्या मध्यावर पोहोचेपर्यंत अंगावर आलेले असते. शिवाय जहाज थांबत नाही, निदान डिंगीचालकाला अभिप्रेत असलेल्या अर्थाने तरी नाही. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या मानकानुसार पूर्ण वेगातील जहाजाने इंजिन उलटे फिरवल्यावर आपल्या लांबीच्या साधारणपणे 15 पट अंतराच्या आत थांबणे अपेक्षित आहे. 300 मीटर लांबीच्या जहाजासाठी हे अंतर साडेचार किलोमीटर होते. बंदरात वेग कमी असतो हे खरे, पण वेग कमी झाला की सुकाणूची पकडही सैल होते, आणि अरुंद मार्गात तीच अधिक भीतीची गोष्ट आहे. जहाजाच्या नाळेपुढे एक आंधळा पट्टाही असतो. मोठ्या जहाजांच्या बांधणीच्या नियमांनुसार तो जहाजाच्या दोन लांबी किंवा 500 मीटर यांपैकी जे कमी असेल त्याहून मोठा असता कामा नये. म्हणजेच नियमात बसणाऱ्या जहाजापुढेही 500 मीटरपर्यंतचे पाणी ब्रिजवरून, म्हणजे जहाज चालवण्याच्या कक्षातून, दिसत नसणे शक्य आहे, आणि 12 नॉट वेगाने ते पाणी दीड मिनिटाच्या आत कापले जाते. त्यात मोठे जहाज जवळून जाताना वारा अडवते आणि डिंगीचे शीड नेमके हवे त्या क्षणी निर्जीव होते.

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील सोलंट सामुद्रधुनी हे या प्रश्नाचे कदाचित सर्वांत परिचित उदाहरण आहे. साउदॅम्प्टनकडे आणि फॉलीच्या तेलधक्क्याकडे जाणारी अवाढव्य जहाजे आइल ऑफ वाइटवरील काउज गावासमोरून येऊन, ब्रॅम्बल बँक नावाच्या वाळूच्या दांड्याला वळसा घालून, थॉर्न चॅनेलमध्ये शिरतात, आणि त्याच पाण्यात दर ऑगस्टमध्ये काउज वीकच्या शर्यतींसाठी शेकडो शिडांच्या नौका उतरतात. म्हणून तेथील बंदर प्राधिकरणाने स्थानिक नियम केला आहे : ठरवून दिलेल्या टापूत 150 मीटरपेक्षा लांब जहाजाच्या पुढे 1000 मीटर आणि दोन्ही बाजूंना 100 मीटर एवढे क्षेत्र, जहाजाबरोबर सरकत जाणारे, लहान नौकांना निषिद्ध आहे. आंतरराष्ट्रीय नियमांच्या पहिल्याच कलमात बंदरांना असे खास नियम करण्याची मुभा दिलेली आहे. 6 ऑगस्ट 2011 रोजी, काउज वीकच्या पहिल्या दिवशी, शर्यतीतील एक नौका ‘हान्ने क्नूट्सेन’ या तेलवाहू जहाजाच्या नाळेसमोर आली, तिचे शीड जहाजाच्या नांगराला अडकले आणि तिची डोलकाठी मोडली. पुढे 2013 मध्ये त्या नौकेच्या चालकाला न्यायालयाने दोषी ठरवले. शर्यतीचे स्वतःचे नियम असतात. परंतु ते शर्यतीतल्या नौकांनी एकमेकींशी कसे वागावे एवढ्यापुरतेच असतात, आणि शर्यतीबाहेरच्या जहाजाशी गाठ पडताच आंतरराष्ट्रीय नियम लागू होतात. पुढच्या खुणेवर नजर खिळलेल्या स्पर्धकाला नेमके हेच आठवत नाही.

टकरीचा धोका आहे की नाही हे ओळखण्याची रीत मात्र साधी आणि जुनी आहे. जवळ येणाऱ्या नौकेचा होकायंत्रावरील दिशाकोन काही वेळाने पुन्हा पाहावा. अंतर घटत असून कोन बदलत नसेल, तर टक्कर होणार असे धरून चालावे. डिंगीवर होकायंत्र बहुधा नसते, तेव्हा होडीचा रोख स्थिर ठेवून डोलकाठीला ताणून धरणाऱ्या एखाद्या तारेच्या रेषेत दुसरी नौका धरावी; ती तारेमागेच चिकटून राहिली तर धोका आहे, पुढे किंवा मागे सरकली तर बहुधा नाही. मोठ्या जहाजाच्या बाबतीत कोन बदलत असतानाही धोका असू शकतो, कारण त्याची नाळ सुटली तरी पाठीमागचा भाग यायचा असतो. आणखी एक बारीक गोष्ट म्हणजे डिंगीचे शीडच चालकाची वाऱ्याआडची अर्धी बाजू झाकून टाकते; त्यामुळे वारंवार वाकून शिडाखालून पाहणे हा नजर ठेवण्याच्या पाचव्या कलमाचाच भाग मानला पाहिजे.

जिला वाट मिळायची आहे तिने आपला रोख आणि वेग कायम ठेवायचा असतो, आणि डिंगीच्या बाबतीत ही अट नाजूक होते. मोटरबोट डिंगीच्या मागून जाण्यासाठी वळली असताना डिंगीने अचानक वळण घेऊन त्याच दिशेला यावे, हा गर्दीच्या मार्गातील नेहमीचा प्रकार आहे आणि तो नियमभंगच आहे. तरीही वाऱ्यावर चढणाऱ्या होडीला उथळ पाणी आले की वळावेच लागते. रोख कायम ठेवणे म्हणजे काय, याचा इंग्लिश न्यायालयांनी विसाव्या शतकाच्या आरंभीच व्यवहारी अर्थ लावला : नौका ज्या कामात उघडपणे गुंतलेली दिसते त्या कामाला साजेशी हालचाल तिच्याकडून अपेक्षित धरावी. म्हणून जाणता मोटरबोटचालक डिंगीला काठाजवळ जाताना पाहून तिच्या वळणाचा अंदाज बांधतो, तिच्या नाळेपुढून न जाता मागून जातो, आणि आपल्या लाटांनी ती उलटू नये म्हणून वेग उतरवतो. आणि जाणता डिंगीचालक वळण्यापूर्वी मागे पाहतो. वाट देणाऱ्याने केलेली हालचाल ठसठशीत असावी, समोरच्याला ताबडतोब दिसावी, थोडे थोडे वळून त्याला संभ्रमात टाकू नये, असेही नियम सांगतात. वाट देणारा काहीच करत नाही असे दिसले, तर दुसऱ्याला स्वतःहून हालचाल करता येते, आणि टक्कर एकट्याच्या प्रयत्नाने टळणार नाही अशी वेळ आली तर ती करावीच लागते. शीड होते म्हणून आपण हललो नाही, हा बचाव टिकत नाही.

दोन शिडांच्या नौका भेटल्या तर डाव्या बाजूने वारा घेणारीने उजव्या बाजूने वारा घेणारीला आणि, दोघींचा वारा एकाच बाजूचा असेल तर, वाऱ्याकडचीने वाऱ्याआडचीला वाट द्यावी. आवाजी खुणांपैकी एक तरी प्रत्येकाने पाठ ठेवावी : पाच किंवा अधिक झटपट आखूड भोंगे म्हणजे तुमचा हेतू कळत नाही, तुम्ही काय करता आहात ते पाहा. जलमार्गात जहाजाने असे पाच भोंगे दिले तर ते बहुतेक वेळा आपल्यालाच उद्देशून आहेत असे डिंगीने समजावे. रात्री 7 मीटरहून लहान शिडाच्या होडीला नेहमीचे दिवे लावणे शक्य नसेल, तर निदान पांढऱ्या प्रकाशाची विजेरी हाताशी ठेवून ती वेळेवर दाखवणे बंधनकारक आहे.

मुंबई बंदरात हा सारा विषय एका नजरेच्या टप्प्यात येतो. एकेकाळी या पाण्यात फत्तेमारी, मचवे आणि गलबते शिडांवर चालत. आता कोकणच्या व्यापारी आणि मासेमारी नौकांवर इंजिने आली आहेत आणि शीड मुख्यतः नौकानयन क्लब, नौदल आणि प्रशिक्षण केंद्रे यांच्याकडे उरले आहे. त्यांच्या डिंग्यांभोवती गेटवेहून घारापुरीला आणि मांडव्याला जाणाऱ्या लाँचेस, भाऊच्या धक्क्याहून सुटणारी रो-रो बोट, ससून डॉकच्या मासेमारी बोटी, नौदलाच्या नौका आणि न्हावा-शेव्याकडे निघालेली कंटेनर जहाजे असतात. प्रवासी लाँच छोटी असते आणि खोल मार्गाबाहेरही तरंगू शकते, म्हणून तिने डिंगीला वाट द्यायची. कंटेनर जहाजाच्या मार्गात डिंगीने शिरायचेच नाही, आणि लाँचनेही नाही, कारण 20 मीटरपेक्षा लहान नौकांवरील ते बंधन शिडापुरते मर्यादित नाही. 18 डिसेंबर 2024 रोजी इंजिनाची चाचणी सुरू असलेली नौदलाची वेगवान बोट घारापुरीकडे निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीवर आदळली, तेव्हा शिडाचा काही संबंध नव्हता, दोन्ही नौका यांत्रिक होत्या आणि प्रकाश भरपूर होता. भरदिवसा, मोकळ्या पाण्यातही अशी टक्कर होऊ शकते, ही गोष्ट डिंगीसाठी तर अधिकच गंभीर आहे.

मुलांना डिंगी शिकवणाऱ्या क्लबांनी आणि लाँचच्या तांडेलांना परवाने देणाऱ्या यंत्रणांनी अठरावे कलम नवव्या आणि आठव्या कलमांसह एकत्रच शिकवावे, आणि ते शिकवताना त्या बंदराचा नकाशा समोर ठेवून खोल मार्गाच्या बोया कोणत्या व डिंगीने कोठपर्यंतच जायचे हे बोट ठेवून दाखवावे.